मालदीवची एसटी

सुटीवर नागपूरजवळच्या हिंगण्याला आलो की दोन प्रश्न ठरलेले. पहिला शेजारच्या काकांचा: "विमान पाण्यावर उतरते म्हणता, मंग बुडत नाही का जी?" दुसरा बारावीतल्या मुलाला सोबत घेऊन आलेल्या बापाचा: "पोराले पायलट करायचं म्हणतो भाऊ, तिकडं लागेल का नोकरी?" काकांची समजूत दोन वाक्यांत पटते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र चहाच्या एका कपात मावत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

मी मालदीवमध्ये ट्विन ऑटर उडवतो. हे कॅनडाचं विमान पहिल्यांदा उडालं १९६५ साली. दोन पंखे, पंधराएक प्रवासी, आणि आमच्याकडच्या विमानांना चाकं नाहीतच. त्यांच्या जागी दोन लांबोडके पोकळ फ्लोट. या फ्लोटच्या आत वेगवेगळे बंद कप्पे असतात. एखादा कप्पा गळला तरी बाकीचे विमान तरंगतं ठेवतात, हे काकांना द्यायचं उत्तर. गळती मात्र थोडीफार असतेच. म्हणून पहाटे पहिलं काम हातपंपाचं. फ्लोटवर अनवाणी उभं राहून एकेका कप्प्यात पंप लावायचा आणि रात्रीतून किती पाणी शिरलं ते बघायचं. एरवी दोन-चार हिसक्यांत रिकामा होणारा कप्पा आज पाणी ओकतच राहिला, तर मेकॅनिकला हाक मारायची. चार पट्ट्यांचा शर्ट, खाली हाफ पँट आणि हातात पंप, हा आमचा अवतार बघून आईने पहिल्यांदा विचारलं होतं, "एवढे पैसे घालून हेच शिकलास का रे?"

या देशाला अशी विमानं का लागतात, ते नकाशा बघितला की कळतं. मालदीवमध्ये १,१९२ प्रवाळ बेटं आहेत, उत्तर-दक्षिण आठशे किलोमीटरहून लांब पसरलेली. सगळी जमीन एकत्र केली तरी ती जेमतेम ३०० चौरस किलोमीटर भरते. बहुतेक बेटं इतकी चिमुकली की त्यांच्यावर धावपट्टी टाकली तर हॉटेलला जागाच उरायची नाही. पण बहुतेक बेटांभोवती प्रवाळाच्या भिंतीने अडवलेलं शांत, उथळ पाणी असतं, आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला तेवढंच हवं असतं. म्हणून जगातला सगळ्यात मोठा सी-प्लेनचा ताफा अमेरिकेत किंवा कॅनडात नसून मालेला आहे. एकट्या ट्रान्स मालदिवियन एअरवेजकडेच साठीच्या घरात विमानं आहेत.

लोकांना वाटतं पायलट म्हणजे बोइंग, विमानतळावरची ऐट, ढगांच्या वरून दुबई. आमची नोकरी त्यापेक्षा काटोल-नरखेड मार्गावरच्या एसटीच्या ड्रायव्हरला जास्त जवळची. मालेहून निघायचं, पहिल्या बेटावर चार उतरवायचे, दोन घ्यायचे, पुढच्या थांब्यावर तेच, आणि परत. दोन थांब्यांमधलं अंतर कधी दहा मिनिटांचं, कधी पाऊण तासाचं. उद्या कोणते थांबे हे आदल्या संध्याकाळी कळतं, कारण आंतरराष्ट्रीय विमानांतून किती पाहुणे येणार हे कळल्याशिवाय वेळापत्रक लागत नाही. नवं लग्न झालेलं जोडपं आपलं बेट आलं समजून पहिल्याच थांब्यावर उठतं, आणि दोर सांभाळणारा आमचा तिसरा गडी त्यांना हाताने खाली बसवतो. तो कंडक्टर, कूली आणि खलाशी असं सगळं एकटाच असतो. सामानाचं वजनही काटेकोर: मोठी बॅग २० किलो, हातातली ५. विमान भरून ५,६७० किलोच्या वर जाता कामा नये, त्यामुळे काट्याशी वाद घालून उपयोग नसतो.

आता उतरण्याचं सांगतो. वारा असला, लाटांवर बारीक सुरकुत्या असल्या की पाणी दिसतं, म्हणजे त्याची उंची डोळ्यांना कळते. खरी भीती असते ती पाणी आरशासारखं स्थिर झालेलं असतं तेव्हाची. पर्यटक त्याचे फोटो काढत असतात आणि कॉकपिटमध्ये आम्ही गप्प झालेलो असतो. वरचं आकाश खाली जसंच्या तसं उमटलेलं, आणि पाण्याचा पृष्ठभाग नेमका कुठे आहे ते डोळ्यांना कळेनासं होतं. आपण पन्नास फुटांवर आहोत की पाच, याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही. अशा वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला धडा. शक्यतो किनाऱ्याजवळून यायचं, म्हणजे कडेची झाडं नजरेला आधार देतात. नाक किंचित वर ठेवायचं, मिनिटाला साधारण १५० फूट एवढ्या संथ वेगाने खाली येत राहायचं, आणि मग काहीही न करता वाट पाहायची. हात शिवशिवतात, काहीतरी ओढावंसं, ढकलावंसं वाटतं. ट्विन ऑटरचे इंजिनाचे दांडे छताला लटकलेले असतात, हात वर करून धरावे लागतात, त्यामुळे ही शिवशिव बाजूच्यालाही दिसते. मग फ्लोटखाली खरखर ऐकू येते, आणि तेव्हा कळतं की उतरलो.

उतरल्यावर विमानाची होडी होते, तीही बिनब्रेकची. शेपूट उंच असल्यामुळे वारा तिला ढकलतो आणि विमान आपोआप वाऱ्याकडे तोंड करून उभं राहतं, तुमची इच्छा काहीही असो. धक्का डावीकडे आणि वारा उजवीकडून असला की दोन इंजिनांचा कमी-जास्त जोर आणि पंख्यांचा उलटा जोर एवढ्यावरच वळण घ्यायचं. कित्येक ठिकाणी धक्का म्हणजे पाण्यात नांगरलेला एक तरंगता लाकडी चौथरा. फ्लोटवर उभा असलेला आमचा गडी दोर हातात घेऊन झेप टाकायला तयार, आणि आम्ही इंचाइंचाने सरकतोय. बोइंगच्या कॅप्टनला आयुष्यात करावं लागत नाही असं हे काम, आणि या पेशात मला आवडतं ते हेच.

हवामान एरवी आपल्यापेक्षा बरं. मे महिन्यात नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हवा विरळ होते, इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. मालेला बारा महिने तिशीच्या आसपास, आणि समुद्रसपाटी. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम फार क्षीण असतो, वाऱ्यांना भोवऱ्यासारखं वळण मिळत नाही, त्यामुळे आंध्र-ओडिशाला झोडपणारी चक्रीवादळं तिथे क्वचितच उठतात. पण मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्य मोसमी वारा असतो. तेव्हा पावसाच्या काळ्या भिंती एकामागून एक येतात. सगळं उड्डाण डोळ्यांनी बघून, म्हणून पाऊस आडवा आला तर वळसा, नाहीतर जवळच्या बेटावर थांबा. सूर्य मावळल्यावर उड्डाण बंद. दुपार कलल्यावर मालेला पोहोचलेल्या पाहुण्याला रात्र तिथेच काढावी लागते, मग त्याने बेटावर कितीही महागडी खोली घेतलेली असो.

आईला हे सगळं सांगून फार उपयोग होत नाही. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पावसात धावपट्टीपुढे घसरून दरीत गेलं. त्यात गेलेले कॅप्टन दीपक साठे यांचे आई-वडील नागपुरातच राहायचे. त्यानंतर मालेत पाऊस पडतोय की नाही ते माझ्या आधी आईला माहीत असतं.

राहणं हुलहुमालेला, म्हणजे समुद्रात भर घालून तयार केलेल्या बेटावर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. निळं पाणी आणि पांढरी वाळू आपल्याला दिसते ती कामावर असतानाच. जाहिरातीतली रिसॉर्टची खोली पायलटसाठी नसते. शुक्रवारी सुटी, दारू फक्त रिसॉर्टवर, नाश्त्याला सुकट टुना, खोबरं आणि कांदा-मिरची कालवलेली मास हुनी, सोबत आपल्या पोळीसारखीच रोशी. सावजीवर वाढलेल्या माणसाला हे फार सौम्य लागतं, पण सवय होते.

आता त्या बापाचा प्रश्न.

पायलटचं लायसन्स देशाचं असतं. भारतातलं कमर्शियल लायसन्स मिळायला बारावीनंतर लेखी परीक्षा, रेडिओचा परवाना, वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी आणि किमान २०० तास उड्डाण लागतं. आपल्या विदर्भात गोंदियाजवळ बिरसीला त्याचं प्रशिक्षण होतं, मीही तिथलाच. एकूण खर्च आज ५० लाखांच्या आसपास, कधी त्याहून पुष्कळ वर. एवढं करूनही ते लायसन्स मालदीवमध्ये आपोआप चालत नाही. तिथल्या विमान प्राधिकरणाने त्याला मान्यता द्यावी लागते, आणि ती नोकरी देणाऱ्या कंपनीमार्फतच मिळते. शिवाय २०० तासांच्या पोराला तिथे कोण विचारणार? सह-वैमानिकाच्या खुर्चीवर आधी मालदिवी मुलांना बसवायचं हे तिथलं धोरण आहे, आणि ते योग्यच म्हणावं लागेल. आपणही तेच केलं असतं. बाहेरच्यांना बोलावलं जातं ते बहुधा कॅप्टनच्या जागेवर, हजारो तास आणि फ्लोटचा अनुभव पाहून. मी भारतात छोट्या विमानांवर तास जमवले, मग फ्लोटचं प्रशिक्षण घेतलं, आणि तेव्हाही नशीब उघडायला वेळ लागला. माझ्या एका मित्राने मात्र एजंटाला पैसे दिले. एजंटाचा फोन बंद झाला.

नोकरी लागल्यावरही ती पाहुण्यांच्या भरवशावर. मार्च २०२० मध्ये मालदीवने दारं बंद केली ती १५ जुलैला उघडली. मधल्या काळात विमानं धक्क्याला बांधलेली. मे महिन्यात आयएनएस जलाश्व या युद्धनौकेने शेकडो भारतीयांना मालेहून कोचीला आणलं. पुढे मालदीवमध्ये 'इंडिया आउट'च्या घोषणा झाल्या आणि १० मे २०२४ पर्यंत तिथले भारतीय लष्करी जवान परतले. आम्ही खासगी नोकर, आमचं काही बिघडलं नाही, पण परमिटचं नूतनीकरण होईपर्यंत झोप नीट लागत नव्हती.

मग लोक म्हणतात, आपल्याकडेच का नाही? रामटेकजवळच्या खिंडसी धरणाचं आणि चंद्रपूरच्या इरई धरणाचं नाव केंद्राच्या सी-प्लेन योजनेत आलेलंही आहे. पाण्यावरची विमानं भारताला नवी नाहीत. १९३८ च्या सुमारास इम्पीरियल एअरवेजच्या उडत्या बोटी राजस्थानात राजसमंद तलावावर उतरायच्या. अंदमानात २०१० च्या अखेरीस 'जल हंस' ही सी-प्लेन सेवा सुरू झाली. ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया सेवेचं उद्घाटन झालं, आणि त्यासाठीचं ट्विन ऑटर आमच्याच मालदीवहून कोची, गोवा करत अहमदाबादला गेलं होतं. दुरुस्तीची वेळ आली की ते परत मालदीवला जायचं, कारण भारतात त्याची सोय नव्हती. २०२१ मध्ये ती सेवा थांबली.

मला विचाराल तर खिंडसीवर विमान उतरवणं अवघड नाही. पाण्यात बुडालेली झाडं, मासेमारीची जाळी आणि उन्हाळ्यात खाली जाणारी पातळी यांची काळजी घेतली की झालं. अवघड आहे ते वर्षाचे बारा महिने तिकीट काढणारे प्रवासी मिळवणं. मालदीवमध्ये बेटावर जायला रस्ताच नसतो. रामटेकला एसटी जाते.

तेव्हा मुलाला घेऊन येणाऱ्या बापांना एवढंच सांगणं: कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी मुलाची वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळ्यांत, कानात, हृदयात काही निघालं तर ते पैसे भरण्याआधी कळलेलं बरं. पहिले हजार-दीड हजार तास भारतातच होऊ द्या. आणि परदेशातली नोकरी 'लावून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. कंपन्या आपल्या जागा स्वतः जाहीर करतात.