मुदत संपल्यावरची लोकशाही

निवडून येऊन

लोकशाही उलथायला रणगाडेच लागतात, ही समजूत जुनी झाली. हंगेरीत व्हिक्टर ओर्बान २०१० साली रीतसर निवडून आले आणि दोन तृतीयांश बहुमताच्या जोरावर त्यांनी संविधानच नवं लिहून घेतलं. आपल्याकडचा दाखला याहून जुना आहे आणि त्यातला कळीचा खटला मध्य प्रदेशातल्या किरनापुरकरांच्याच हायकोर्टातून निघालेला आहे.

जबलपूरचा खटला

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली. दोनच दिवसांत राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १४, २१ आणि २२ साठी कोर्टात जायची वाट बंद झाली. मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली उचललेल्यांनी तरीही दाद मागितली. किरनापुरचा बालाघाट जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो त्या जबलपूरच्या हायकोर्टासह नऊ हायकोर्टांनी त्यांचे अर्ज ऐकण्याजोगे मानले. सरकार अपिलात गेलं आणि खटल्याला ‘एडीएम जबलपूर’ हे नाव पडलं. २८ एप्रिल १९७६ रोजी सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी सरकारची बाजू उचलून धरली: आणीबाणी आहे तोवर स्थानबद्धाला सुटकेसाठी कोर्टात येता येणार नाही. या चौघांत मराठी न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूडही होते. एकटे एच. आर. खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्ती बेग सरन्यायाधीश झाले. कोर्ट वाकवायला कुलूप लावावं लागत नाही, बढतीची यादी पुरते. (तो निकाल चुकीचा होता, असं २०१७ साली लिहिलं ते धनंजय चंद्रचूडांनी, म्हणजे मुलाने.)

पाचाची सहा

त्याच काळात लोकसभेने आपली मुदत लांबवली. ४२व्या घटनादुरुस्तीने तर पाच वर्षांची सहाच केली. ४४व्या दुरुस्तीने ती पुन्हा पाचावर आणली आणि कलम २१ आणीबाणीच्या हाताबाहेर ठेवलं.

सरपंचाचा ‘प्रधान’

पंचायतींनाही संविधानाने पाचच वर्षं दिली आहेत. तरी मध्य प्रदेशात २०१४-१५ नंतरची पंचायत निवडणूक झाली थेट २०२२ मध्ये. आधी कोविड, मग परिसीमन आणि ओबीसी आरक्षणाचा वाद. डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेला कार्यक्रमही मागे घेतला गेला. मधल्या काळात किरनापुर जनपदातल्या गावांतही कारभार मुदत संपलेल्यांकडेच राहिला. जुने सरपंच ‘प्रधान’ म्हणवले जाऊ लागले. याला आणीबाणी म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. कोविड खरा होता, आरक्षणाचा प्रश्नही खरा होता. अडचण नेमकी तीच आहे: पुढे ढकलायला प्रत्येक वेळी कारण खरंच सापडतं. अखेर १० मे २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने दोन आठवड्यांत अधिसूचना काढायला लावली, तेव्हा जून-जुलैत मतदान झालं.

सीमेपलीकडे महाराष्ट्रातही वेगळं नव्हतं. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. २०२५ सरलं तरी तिथे प्रशासकच होता.