'बेचिराख' आणि 'पाप' : युद्धातील रयतेविषयीचा नीतिविचार आणि दोन शिवकालीन लेख

१. विषयप्रवेश

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खेड-शिवापूर मागे टाकले की भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक हे गाव लागते. त्याच्या नावातील 'बुद्रुक' हा शब्द फारसी 'बुजुर्ग' म्हणजे मोठा या शब्दापासून आला. 'खुर्द' म्हणजे लहान. मराठी मुलखातील शेकडो गावांच्या नावांना चिकटलेली ही उपपदे दप्तराची भाषा लोकांच्या बोलण्यात कशी मुरली याची साक्ष देतात. त्याच दप्तरातून आणखी एक शब्द मराठीत आला, तो म्हणजे 'बेचिराख'. त्याचे मूळ रूप 'बेचिराग'. 'चिराग' म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. महसुली कागदांत हा शब्द एका वर्गाचे नाव म्हणून येतो. गावाची शीव कायम, जमीन कायम, नावही कायम. वस्ती मात्र नाही, असा त्याचा अर्थ.

आज हा शब्द आपण वेगळ्याच प्रसंगी वापरतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा बेचिराख झाले, असे वाक्य कोणत्याही मराठी शालेय पुस्तकात सहज शोभून दिसेल. 'चिराग'चा 'चिराख' झाल्यामुळे मराठी कानाला त्यात 'राख' ऐकू येते आणि दिवा विझल्याचा मूळ अर्थ मागे पडून जळून गेल्याचा अर्थ पुढे येतो. एका महसुली शब्दाने अणुबाँबपर्यंत केलेला हा प्रवास केवळ व्युत्पत्तीच्या दृष्टीने मनोरंजक आहे असे नाही. युद्धात निःशस्त्र वस्तीवर केलेल्या आघाताकडे आपली भाषा कशी पाहते, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. प्रस्तुत लेखात भोर-वेल्हे परिसराशी निगडित असलेल्या दोन शिवकालीन लेखांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२. १६६२ चे पत्र

पहिला लेख म्हणजे शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर १६६२ मध्ये कान्होजी जेध्यांचे पुत्र सर्जेराव जेधे यांना पाठविलेले पत्र. त्या वेळी शायिस्तेखानाचा तळ पुण्यात होता आणि मोगल तुकड्या आसपासच्या खोऱ्यांत धावणीस येत होत्या. 'धावणी' म्हणजे वेगाने येऊन गाव मारणे, गुरे हाकून नेणे, माणसे धरणे. जेधे हे रोहिडखोऱ्याचे देशमुख. त्यांचे कारी गाव आजच्या भोर तालुक्यातच आहे.

पत्राचा आशय थोडक्यात असा : मोगल तुमच्या भागात येत असल्याची खबर जासुदांनी आणली आहे, तेव्हा हा हुकूम पोचताच गावोगाव ताकीद करून लेकराबाळांसह सर्व रयतेला घाटाखाली, शत्रूचा उपद्रव पोचणार नाही अशा अवघड जागी पाठवा. यात कसूर झाली आणि मोगलांनी माणसे धरून नेली, तर त्याचे पाप तुमच्या माथी येईल. रात्रीचा दिवस करून हे काम पार पाडा. शेतीची राखण करण्यासाठी जे मागे राहतील त्यांनाही डोंगरावर आश्रयाच्या जागी ठेवा आणि शत्रू दूरवर दिसताच त्याची वाट चुकवून पळून जाण्यास सांगा. तुम्ही स्वतः मात्र आपल्या जागी सावध असा.

एरवी हे पत्र प्रजावात्सल्याचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. ते योग्यच आहे. परंतु नीतिविचाराच्या दृष्टीने त्यातील दोन गोष्टींकडे अधिक बारकाईने पाहावयास हवे.

पहिली गोष्ट म्हणजे पत्रात केलेला भेद. मावळात शेतकरी आणि शिपाई यांच्यामध्ये रेघ ओढणे कठीण होते. पावसाळ्यात नांगर धरणारा हातच दसऱ्यानंतर तलवार धरीत असे. असे असता रयत कोणती आणि लढणारे कोण, हे ठरवावे कसे? पत्र हा भेद माणसाच्या जातीवरून वा घराण्यावरून करीत नाही; त्या क्षणी तो माणूस काय करीत आहे यावरून करते. देशमुखाने जागा सोडायची नाही. शेत राखणाऱ्याने मात्र लढायचे नाही, पळून जायचे आहे. पीक वाचविणे हे राज्याच्या दृष्टीने लहान काम नव्हे, तरी त्यापायी रयतेने जीव धोक्यात घालावा अशी अपेक्षा येथे नाही.

दुसरी गोष्ट 'पाप' या शब्दाच्या योजनेची आहे. माणसे धरून नेणारा मोगल दोषी आहे हे उघडच आहे. पत्र त्याची चर्चाही करीत नाही. ते पापाचा वाटा दिरंगाई करणाऱ्या आपल्याच अधिकाऱ्याच्या माथी ठेवते. शत्रूच्या अपराधाने आपली जबाबदारी संपत नाही, हा त्यामागील विचार आहे. येथे दंडाची धमकी दिली असती तरी हुकूम पाळला गेला असता. परंतु दंड चुकविता येतो, माफ करून घेता येतो. पापाचे तसे नाही. राजकीय हुकुमाच्या मध्यावर हा धार्मिक शब्द येतो तेव्हा तो कर्तव्याला राजाच्या मर्जीपलीकडचा आधार देतो.

३. १६६५ ची मोहीम

दुसरा लेख विरुद्ध बाजूचा आहे. १६६५ च्या मार्चअखेर मिर्झाराजे जयसिंग यांनी पुरंदरला वेढा घातला. त्यांचा पत्रव्यवहार 'हफ्त अंजुमन' या फारसी संग्रहात आला आहे. त्याच्या आधारे सर जदुनाथ सरकारांनी दिलेला वृत्तान्त असा : एप्रिलच्या अखेरीस दाऊदखान कुरेशी याच्या हाताखाली काही हजारांची फौज राजगड, सिंहगड आणि रोहिडा यांच्या परिसरात पाठविण्यात आली. तेथे लागवडीचा वा वस्तीचा मागमूस उरू देऊ नये, असा तिला हुकूम होता. या फौजेने रोहिड्याच्या आसपासची सुमारे पन्नास गावे जाळून उद्ध्वस्त केली. डोंगरांत दडलेली, पूर्वी कोणत्याही शत्रूने न पाहिलेली चार भरवस्तीची गावेही तिच्या हाती लागली. पुढे राजगडाच्या पायथ्याची गावे जाळून ती गुंजण खोऱ्याच्या वाटेने शिवापुराकडे वळली आणि सिंहगडाचा परिसर लुटून मेच्या प्रारंभी पुण्यास परतली.

आजच्या वरव्याच्या शिवाराजवळूनच हा पट्टा जातो. परंतु या वृत्तान्तात पन्नास हा आकडा येतो, गावांची नावे येत नाहीत. मोहिमेच्या अहवालाचे ते स्वरूपच असते. वरिष्ठाला कळवायचे असते ते काम किती झाले. कोणाच्या घरावर झाले हे नव्हे. सर्जेरावांना लिहिलेले पत्र आणि हा वृत्तान्त एकाच मुलखाविषयी, अवघ्या अडीच वर्षांच्या अंतराने बोलतात. एकात 'लेकरेबाळे' दिसतात, दुसऱ्यात गावांची संख्या. रयतेवर आघात करणे मनाला शक्य व्हावे यासाठी भाषेत आधी काय घडावे लागते, ते या दोन लेखांच्या तुलनेतून ध्यानात येते.

या मोहिमेचा हेतूही समजून घ्यावयास हवा. पुरंदरच्या वेढ्यात किल्ल्यावर तोफा डागल्या जात होत्या आणि किल्ल्यात शिबंदीची कुटुंबेही होती. तोफेच्या गोळ्याने एखादे मूल मेले असेल तर तो किल्ल्यावरील हल्ल्याचा परिणाम होता, त्याचा हेतू नव्हे. पन्नास गावे जळाली ती मात्र चुकून नव्हे. ती जाळणे हेच साधन होते. रयतेचे हाल पाहून गडावरच्या राजाने नमावे, असा हिशेब होता. हेतू आणि परिणाम यांतील हा भेद पाश्चात्त्य नीतिशास्त्रात फार चर्चिला गेला आहे. टळण्याजोगा नसलेला परिणामही अल्प असावा लागतो, हे त्याचे उपांग आहे. परंतु मूळ भेद समजण्यास दूर जाण्याची गरज नाही. पुरंदर आणि रोहिडखोरे यांच्यातील अंतर तेवढे पुरेसे आहे.

४. आकाशातून आलेली धावणी

विसाव्या शतकात विमानाने या जुन्या साधनाला नवे बळ दिले. १९२१ मध्ये इटलीच्या जुलिओ दूए या सेनाधिकाऱ्याने असा सिद्धान्त मांडला की, शहरांवर बाँब टाकून लोकांचे धैर्य खचविले की युद्ध लवकर संपेल. १९३७ मध्ये स्पेनमधील गेर्निका या गावाने त्याचा अनुभव घेतला. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशान्वये ब्रिटिश बाँबफेकी दलाने शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे मनोधैर्य हे आपले प्रमुख लक्ष्य ठरविले. ९-१० मार्च १९४५ च्या एका रात्री टोकियोत सुमारे एक लाख माणसे मेली. हिरोशिमातील मृतांची संख्या त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० वर गेली. दाऊदखानाच्या फौजेला दिलेला हुकूम आणि १९४२ चा आदेश यांच्यात साधनांचे अंतर प्रचंड आहे. तर्क एकच आहे.

या तर्काचे तीन प्रकारे समर्थन केले जाते. एक, आधुनिक युद्धात सारे राष्ट्रच लढत असते, म्हणून निरपराध कोणी नाही. याचे उत्तर सर्जेरावांच्या पत्रातच आहे : शेत राखणारा राज्याला धान्य पुरवितो म्हणून तो शिपाई ठरत नाही. दोन, अशा आघाताने युद्ध लवकर संपते आणि एकूण जीव वाचतात. १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला, तेवीस किल्ले गेले. तेव्हा गावे जाळण्याचा काहीच उपयोग झाला नाही असे म्हणता येणार नाही. म्हणूनच उपयुक्ततेवर नीती उभारणे धोक्याचे आहे. साधन यशस्वी झाले तर ते योग्य, असे मानले की रोहिडखोऱ्यातील जळालेल्या घरांविषयी तक्रार करण्याचा आपला अधिकारच संपतो. तीन, आपला पक्ष न्याय्य असल्यामुळे आपणांस हे करणे भाग आहे. या तिसऱ्या समर्थनाचा विचार मराठी वाचकाने विशेष प्रामाणिकपणे केला पाहिजे.

५. बंगालमधील साक्ष

नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून सुमारे दहा वर्षे बंगालवर स्वाऱ्या करीत होत्या. या स्वाऱ्यांविषयी गंगाराम या कवीने लिहिलेले 'महाराष्ट्रपुराण' हे बंगाली काव्य उपलब्ध आहे. त्याचा काळ १७५१ चा. आपला 'बारगीर' त्या भाषेत 'बर्गी' झाला आणि मुलांना झोपविताना भीती घालण्याचा शब्द म्हणून अंगाईगीतात जाऊन बसला.

या काव्याची रचना लक्षणीय आहे. प्रारंभी पृथ्वी पापाने भारावते आणि पाप्यांना शासन करण्यासाठी शंकराच्या प्रेरणेने मराठे पाठविले जातात. म्हणजे कवी मराठ्यांच्या बाजूला दैवी न्यायाचे अधिष्ठान देतो. परंतु बर्गी गावे जाळतात, स्त्रिया, ब्राह्मण, वैष्णव आणि गाई यांना छळतात, तेव्हा देवीच रुष्ट होऊन त्यांची बाजू सोडते, आणि १७४४ मध्ये नबाब अलिवर्दीखानाच्या भेटीस गेलेला भास्कर राम मारला जातो. काव्याचा निष्कर्ष असा की, न्याय्य कारणाने हाती शस्त्र आले तरी त्याने रयत मारण्याची मुभा मिळत नाही; ती घेतली तर कारणाचे न्याय्यत्वही हातचे जाते. युद्ध पुकारण्याचा न्याय आणि युद्ध करण्याचा न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आजचे युद्धनीतिशास्त्र सांगते. गंगारामाने तेच पुराणाच्या चौकटीत सांगितले आहे, आणि ज्यांच्याविषयी सांगितले ते आपण आहोत. १६६२ च्या पत्राचा अभिमान बाळगावयाचा तर या काव्याचीही दखल घेतली पाहिजे. एक वारसा घ्यावा आणि दुसरा टाकावा, असे करता येत नाही.

६. समारोप

१९७७ मध्ये जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या पूरक करारात नागरिकांवरील हल्ला आणि केवळ दहशत पसरविण्यासाठी केलेला हल्ला निषिद्ध ठरविला आहे. त्याच्या ५७ व्या कलमात हल्ला करणाऱ्याने घ्यावयाची खबरदारी आहे, तर ५८ व्या कलमात ज्याच्या ताब्यात लोक आहेत त्याने त्यांना लष्करी लक्ष्यांपासून दूर नेण्याची. या ५८ व्या कलमातील तत्त्व रोहिडखोऱ्याच्या देशमुखाला तीन शतकांपूर्वीच बजावले गेले होते. भारत १९४९ च्या जिनिव्हा करारांचा सदस्य आहे. या पूरक करारात मात्र तो सामील झालेला नाही. ज्या भाषेत असे पत्र लिहिले गेले त्या भाषेच्या वाचकांना ही गोष्ट ठाऊक असणे इष्ट आहे.

साहित्याच्या अभ्यासकाचे काम मात्र कायद्याच्या अलीकडे सुरू होते. 'शहर बेचिराख झाले', 'बाँब पडले' या वाक्यांत कर्ता नाही. पाऊस पडतो, दरड पडते, तसाच बाँबही पडतो असे मराठी व्याकरण आपणांस बोलू देते, आणि पाप कोणाच्या माथी हा प्रश्न विचारण्यापूर्वीच वाक्य पूर्ण होते. 'टाकले' आणि 'केले' ही क्रियापदे वापरली की कोणी, हे सांगणे भाग पडते. 'बेचिराख' या शब्दातील दिवा पुन्हा ऐकू आला, की कोणाच्या घरचा, हेही विचारावे लागते. युद्धाच्या बातम्या वाचताना आणि इतिहास शिकविताना हे दोन प्रश्न सोडून दिले, तर पन्नास गावांचा आकडा आपल्याही हातून नुसता आकडाच राहील.