उन्हाळ्याची सहल : महादरी, नदी आणि गळ

प्रवासाचा निम्मा आनंद त्याच्या तयारींत असतो असें म्हणतात. पण घरांतल्या तीन पिढ्या एकत्र निघणार असल्या, तर निम्मे वादहि तयारींतच व्हावे हें बरें. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मुलाकडे उन्हाळ्यांत जाणारे महाराष्ट्रीय आईवडील आतां थोडे नाहींत. आणि तेथें गेल्यावर ॲरिझोनांतील ‘ग्रँड कॅन्यन’ पाहण्याचा बेत बहुधा ठरतोच. तो कसा आंखावा याविषयीं चार शब्द.

कोलोराडो नदीनें कोरलेली ही महादरी ४४६ किलोमीटर लांब असून दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. कांठावरचा चुनखडक सुमारें २७ कोटी वर्षांचा, तर तळाचा काळसर खडक १७० कोटी वर्षांच्या घरांतला. या तळच्या खडकास ‘विष्णु शिस्ट’ असें नांव आहे. आणि दरींतील शिखरांतहि ब्रह्मा, विष्णु व शिव आहेत! क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञानें १८८२ च्या सुमारास पौर्वात्य देवतांचीं नांवें शिखरांस देण्याचा प्रघात पाडला. आजीबाईंच्या कानांवर हें अगोदर घालावें; म्हणजे परक्या मुलखांतील दगडांशींहि त्यांची ओळख निघेल.

मुक्काम दक्षिण कांठावर करावा. तो वर्षभर खुला असतो. उत्तर कांठावरील जुनें विश्रामगृह जुलै २०२५ च्या वणव्यांत जळून गेलें. दक्षिण कांठ सुमारें २१०० मीटर उंच, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपट; तेव्हां वडील माणसांनीं पहिला दिवस विसांव्याचा ठेवावा. कांठाकांठानें फुकट बसगाड्या फिरतात, त्यामुळें पायांचे दुखणें असणाऱ्यांसहि दरीचें दर्शन उत्तम घडतें.

तरुणांस मात्र एक गोष्ट बजावून सांगावी. डोंगर चढतांना दमलेला माणूस मागें फिरतो. येथें उतरण आधीं आणि चढण मागाहून, त्यामुळें चूक उमगते ती परतीच्या वाटेवर. कांठावर हवा सुखद असली तरी जून-जुलैंत तळाशीं सावलींतहि चाळीस अंशांचा उकाडा असतो. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशीं परतूं नये आणि सकाळीं दहा ते दुपारीं चार या वेळांत वाटेवर चालूं नये, हा उद्यानाच्या अधिकाऱ्यांचा इशारा अक्षरशः पाळावा.

आतां गळाचा प्रश्न. दक्षिण कांठापासून मोटारीनें अडीच-तीन तासांवर ‘लीज फेरी’ हें ठिकाण आहे. वरच्या अंगास ग्लेन कॅन्यन धरणानें १९६३ सालीं पाणी अडविण्यास आरंभ केला. जलाशयाच्या खोल भागांतून सुटणारें पाणी थंड आणि नितळ असल्यामुळें, भर वाळवंटांत तेथें ट्राउट मासा वाढला. दहा वर्षांच्या व त्यावरील प्रत्येकास परवाना लागतो. आमिष कृत्रिम आणि गळ बिनकांट्याचा असावा लागतो, म्हणजे मासा सोडून देतांना त्यास इजा कमी होते.

तेथेंच वाढलेल्या नातवास मित्रांप्रमाणें गळ टाकून बसण्याची हौस असते, आजी म्हणते, “खायचा नाहीं, तर त्या मुक्या जिवाला छळायचें कशाला?” हा प्रश्न सोंवळ्याचा म्हणून हंसण्यावारी नेऊं नये. आपल्यांतच सारस्वतांकडे मासा पानांत चालतो, तेव्हां वाद जातीचा नव्हे, दयेचा आहे. सोडलेला मासा जगतोच असें नाहीं. पाण्याबाहेर फार वेळ ठेवल्यास किंवा पाणी कोमट असल्यास तो मरतोहि. पण मुलाला नुसतें “नको” म्हटल्यानें दया शिकवितां येत नाहीं. त्याला हें सारें सांगावें, आजीचा प्रश्न त्याच्यापुढें ठेवावा, आणि मग त्याचा निर्णय त्याला करूं द्यावा. त्यानें गळ टाकलाच, तर ओल्या हातानें मासा धरून क्षणांत सोडण्याची रीत तरी शिकून घ्यावी. न टाकला, तर त्या हिरव्या पाण्याकांठीं एक सकाळ घालविणें हेंहि कमी सुख नव्हे.

मात्र ही चर्चा घरीं, जेवणें आटोपल्यावर, सर्वांनीं मिळून करावी. नदीच्या कांठीं ती सुरू झाली, तर मासाहि हातीं लागणार नाहीं आणि दरीहि डोळ्यांत भरणार नाहीं.