बदली झाली, मनीचे काय?

बदलीची ऑर्डर हाती पडते आणि घरात धावपळ सुरू होते. मुलांचे शाळेचे दाखले, गॅस, सामानाचा ट्रक, सगळ्यांची यादी होते. यादीत नसते ती फक्त खिडकीत बसून हा गोंधळ पाहणारी मनी. मग कोणीतरी म्हणते, ''मांजर घराला धरून असते, माणसाला नाही. राहू दे तिला इथेच.''

हा समज अर्धाच खरा आहे. मांजराला आपली जागा आणि तिथले वास प्रिय असतात. पण आयत्या ताटलीवर वाढलेली मनी बंद दारापुढे किती दिवस तग धरणार? पाळलेल्या प्राण्याला उपासमार होईल असे सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हाही आहे. थोडी पूर्वतयारी केली, तर मनीलाही सुखाने नव्या गावी नेता येते.

पिंजऱ्याची ओळख

मांजराला पिशवीत कोंबून नेऊ नका. रिक्षाच्या आवाजाने बिथरून ते निसटले, तर पुन्हा सापडणे कठीण. हवा खेळेल असा, पक्क्या दाराचा प्लास्टिकचा पिंजरा घ्या. त्यात मनीला उभे राहता, वळता आले पाहिजे. प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधीच तो दार उघडे ठेवून घरात मांडा. आत तिची रोजची चादर अंथरा, खाणेही तिथेच द्या. ती आपणहून आत झोपू लागली, की दार लावून आधी पाच मिनिटे, मग एखादी छोटी फेरी मारून आणा.

डॉक्टर आणि तिकीट

रेबीजची लस वेळेत टोचून घ्या. प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी पशुवैद्यांकडून तब्येतीचा दाखला घ्या. रेल्वेत पाळीव प्राणी जवळ ठेवण्याची सोय मुख्यतः एसी फर्स्ट क्लासमध्ये, पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्याकडे असेल तेव्हा मिळते. त्याचे बुकिंग पार्सल ऑफिसात होते. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वीच तिथे चौकशी करा.

मनी शांत राहावी म्हणून घरातली झोपेची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजराचा जीव घेऊ शकते. औषध लागलेच, तर ते पशुवैद्यच ठरवतील.

प्रवासाच्या दिवशी

निघण्यापूर्वी चार-पाच तास खायला देऊ नका, पाणी मात्र द्या. पिंजऱ्यात जुने टॉवेल अंथरा, एक-दोन जादा जवळ ठेवा. वरून पातळ कापड टाकले की गर्दी दिसत नाही आणि भीती कमी होते, पण हवा अडवू नका. फलाटावर दार उघडायचे नाही, ती कितीही केविलवाणी ओरडली तरी! उन्हात उभ्या गाडीत तिला पाच मिनिटेही एकटी ठेवू नका.

नव्या घरी

पोचल्यावर सारे घर एकदम मोकळे करू नका. एका खोलीत तिची चादर, पाणी, खाणे आणि मातीचा ट्रे ठेवा. चादर धुऊ नका, कारण तिला तोच जुन्या घराचा वास असतो. दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नका. पहिले काही दिवस ती पलंगाखाली दडून बसेल, कमी खाईल. ओढून काढू नका. पूर्ण दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आणि एका संध्याकाळी, अजून खोकी उघडायची बाकी असतील, तेव्हा मनी हळूच येऊन तुमच्या पायाला अंग घासेल. नवी जागा तेव्हाच खरी घर होते, तिचेही आणि तुमचेही.