उन्हाळा, घाम आणि कलिंगड : शरीराला नेमके काय मिळते?

मराठीत कलिंगड, विदर्भ-मराठवाड्यात टरबूज, हिंदीत तरबूज, कन्नडमध्ये कल्लंगडी, तेलुगूत पुच्चकाया, तमिळमध्ये दर्पूसणी. नावे वेगळी असली तरी मार्च ते जून या काळात देशभर रस्त्याच्या कडेला दिसणारे फळ एकच, सिट्रुलस लॅनॅटस. काकडी, दुधी, भोपळा यांच्याच कुळातले हे आफ्रिकेतून आलेले फळ आज उन्हाळ्याचे घरगुती औषध मानले जाते. ‘कलिंगड थंड असते’ हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असते. या वाक्यात तथ्य किती, हे प्रस्तुत लेखात शरीरक्रियाशास्त्राच्या आधारे पाहू.

प्रथम घटक पाहू. १०० ग्रॅम लाल गरात सुमारे ९१ ग्रॅम पाणी असते. साखर ६ ग्रॅमच्या थोडी वर, तंतू अर्ध्या ग्रॅमहून कमी, प्रथिने नाममात्र आणि ऊर्जा सुमारे ३० किलोकॅलरी. ‘क’ जीवनसत्त्व ८ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे पेरूच्या तुलनेत अगदी थोडे. पोटॅशियम सुमारे ११२ मिलिग्रॅम आणि सोडियम अवघे १ मिलिग्रॅम. शेवटचे दोन आकडे लक्षात ठेवावेत. त्यांचे काम पुढे आहे.

थंडावा कोठून येतो?

फ्रिजमधून काढलेली गार फोड खाताना बरे वाटते, म्हणून फळाच्या गारपणामुळेच शरीर थंड होते असा समज होतो. हिशेब करून पाहू. १० अंश सेल्सिअस तापमानाचा ३०० ग्रॅम गर पोटात जाऊन ३७ अंशांपर्यंत तापला, तर तो शरीरातून जेमतेम ८ किलोकॅलरी उष्णता घेतो. त्याच फोडींत सुमारे २७० ग्रॅम पाणी आहे. तेवढा घाम त्वचेवरून वाफ होऊन उडाला, तर ग्रॅममागे सुमारे ०.५८ किलोकॅलरी याप्रमाणे १५५ किलोकॅलरींहून अधिक उष्णता बाहेर जाते, म्हणजे जवळजवळ वीसपट. तेव्हा खरा थंडावा फळाच्या गारपणात नसून त्यातल्या पाण्यात आहे, आणि ते पाणी घाम बनून उडाले तरच तो मिळतो.

यातूनच एक व्यावहारिक गोष्ट निघते. चेन्नई, मुंबई किंवा कोलकात्याच्या दमट हवेत घाम उडत नाही, निथळतो. निथळलेला घाम शरीराला फारसा थंड करत नाही. तेथे कलिंगडाइतकीच पंख्याची आणि सावलीची गरज असते. नागपूर किंवा बिकानेरच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, त्यामुळे किती पाणी गेले हे कळतच नाही आणि तहान लागेपर्यंत शरीर मागे पडलेले असते.

पाणी भरून येते, मीठ नाही

हा भाग महत्त्वाचा आहे, कारण गफलत येथेच होते. घाम म्हणजे नुसते पाणी नव्हे. एक लिटर घामातून व्यक्तीनुसार आणि सवयीनुसार साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जाते. पोटॅशियम त्यामानाने फारच कमी, दोन-तीनशे मिलिग्रॅमच्या घरात. एक किलो कलिंगडातून परत काय येते? पोटॅशियम एक ग्रॅमहून जास्त, म्हणजे गेले त्याच्या कितीतरी पट; आणि सोडियम १० मिलिग्रॅम. घामातून गेलेले एक ग्रॅम सोडियम केवळ कलिंगडातून भरून काढायचे ठरवले, तर शंभर किलो कलिंगड खावे लागेल!

दोन वेळा नीट जेवणाऱ्या माणसाला याची चिंता करण्याचे कारण नाही. आमटी, सांबार, लोणचे, पापड यांतून गरजेपेक्षा जास्तच मीठ मिळते. प्रश्न येतो तो उपाशीपोटी दिवसभर उन्हात राबणाऱ्या मजुराचा, मैदानी चाचणीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याचा किंवा जुलाब-उलट्या होत असलेल्या रुग्णाचा. अशा वेळी ‘कलिंगड खाल्ले आहे, पाण्याची सोय झाली’ असे समजणे धोक्याचे ठरते. भरपूर पाणी आणि मीठ जवळजवळ शून्य, असे झाले की रक्तातील सोडियमचे प्रमाण उतरते. डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत.

लहान आतड्यातील पेशींवर एक सहवाहक प्रथिन असते. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेते, आणि त्यांच्यामागे परासरणाने पाणी शोषले जाते. जलसंजीवनी म्हणजे ओआरएस याच यंत्रणेवर चालते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले, तेव्हा या तत्त्वाची व्यवहारातील ताकद जगाला दिसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर द्रावणात ७५ मिलिमोल सोडियम आणि तितकेच ग्लुकोज असते. कलिंगडात सोडियम तर नाहीच, शिवाय त्यातील साखरेचा मोठा वाटा फ्रुक्टोजचा आहे. फ्रुक्टोज वेगळ्या मार्गाने शोषले जाते, त्याला सोडियमची जोडी लागत नाही. म्हणून जुलाब होत असताना कलिंगड हा ओआरएसचा पर्याय नव्हे. उलट जास्त फ्रुक्टोजमुळे काहींचे पोट आणखी बिघडते.

फोडीवर मीठ भुरभुरण्याची आपल्याकडची जुनी पद्धत या दृष्टीने चांगलीच शहाणपणाची आहे. पाव चहाचा चमचा मिठात सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम असते. मात्र रक्तदाब जास्त असलेल्यांनी ही सवय लावून घेऊ नये.

उष्माघात ही यापुढची पायरी. शरीराचे आतील तापमान ४० अंशांवर गेले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तोंडाने काहीही भरवू नये, कलिंगड नाही आणि पाणीही नाही. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सिट्रुलिन आणि लायकोपीन

१९१४ मध्ये जपानमधील कोगा आणि ओडाके यांना कलिंगडाच्या रसात एक अमिनो आम्ल सापडले. कलिंगडाच्या प्रजातीनामावरूनच पुढे त्याला सिट्रुलिन हे नाव मिळाले. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते युरिया चक्रातून परिचित असेल. खाल्लेल्या सिट्रुलिनचे मूत्रपिंडात आर्जिनिन होते आणि आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनते, जे रक्तवाहिन्या सैल करते. ‘कलिंगडाने रक्तदाब उतरतो’ या दाव्याचा पाया हाच. यंत्रणा खरी आहे. पण यावरचे प्रयोग थोड्या माणसांवर, अनेकदा अर्क किंवा शुद्ध सिट्रुलिन वापरून झालेले आहेत. दोन फोडींच्या भरवशावर कोणी गोळ्या बंद करू नयेत.

लाल रंग लायकोपीनचा. १०० ग्रॅम गरात ते सुमारे साडेचार मिलिग्रॅम असते, कच्च्या टोमॅटोहून अधिक. ते ऑक्सिडीकरणरोधक आहे. बीटा-कॅरोटिनसारखे त्याचे ‘अ’ जीवनसत्त्व मात्र बनत नाही. पिवळ्या गराच्या जातींत लायकोपीन फारच थोडे असते.

मधुमेह आणि मूत्रपिंड

कलिंगडाचा ग्लायसेमिक निर्देशांक जुन्या तक्त्यांत ७२, म्हणजे ‘उच्च’, असा दिलेला असतो. तो पाहून मधुमेही घाबरतात. पण निर्देशांक साखर किती वेगाने चढते ते सांगतो; किती चढेल हे खाल्लेल्या कर्बोदकांवरही ठरते. १२० ग्रॅम फोडींत पचणारी कर्बोदके साधारण ८.५ ग्रॅम, ७२ ने गुणून १०० ने भागले की ग्लायसेमिक भार येतो सुमारे ६. तो १० पेक्षा कमी, म्हणजे सौम्य. एका बैठकीला एक किलो खाल्ले तर हाच भार ५० च्या वर जातो! गाळलेला रस पिताना हे प्रमाण नकळत ओलांडले जाते. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात पोटॅशियम साठून हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज कलिंगड खाऊ नये.

कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतर

फळ जमिनीवर वाढते, सालीला माती आणि जंतू चिकटलेले असतात. न धुता सुरी चालवली की ते थेट गरात जातात. लिंबू-संत्र्याप्रमाणे कलिंगड आम्लयुक्त नसते. त्याचा सामू पाचच्या वर असल्याने कापलेल्या गोड, ओल्या गरात साल्मोनेलासारखे जंतू उन्हाळी तापमानात झपाट्याने वाढतात. ‘कलिंगडावर पाणी प्यायले म्हणून पोट बिघडले’ असे म्हणतात, तेव्हा दोष बहुतेक वेळा दुपारपासून गाडीवर उघड्या पडलेल्या फोडींचा असतो.

रंग टोचलेल्या कलिंगडांची चर्चा दर उन्हाळ्यात होते. २०२५ मध्ये तमिळनाडूत अशा चर्चेने मागणी घटली आणि शेतकऱ्यांना मोठा फटका बसला. शंका असल्यास कापसाचा बोळा गरावर घासून पाहावा. लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे बोळा फार तर फिकट गुलाबी होतो. एरिथ्रोसिनसारखा कृत्रिम रंग पाण्यात विरघळणारा असल्याने तो गडद लाल होतो.

न कापलेले फळ काही दिवस घरातल्या सावलीत ठेवले तरी चालते. उलट त्यात लायकोपीन थोडे वाढते. गोडी मात्र वेलीवर असेल तेवढीच राहते, कारण कलिंगड तोडल्यावर पिकत नाही. आणि सालीखालचा पांढरा गर टाकू नये. सिट्रुलिन त्यातही भरपूर असते, साखर कमी असते आणि मंगळूर-उडुपीकडे तो तांदळासोबत वाटून त्याचे डोसे घालतात.