रेणू बेतण्याची विद्या

संगणकी क्वांटम रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला वास नसतो. ब्युरेट नाही, आम्लाने जळलेला ॲप्रन नाही. त्यामुळे सुट्टीत खर्डीला घरी आलो तरी माझं काम थांबत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून लॅबच्या संगणक-क्लस्टरवर लॉगिन करायचं, अणूंचे निर्देशांक लिहिलेली फाइल रांगेत लावायची आणि वाट बघायची. गावातली वीज गेली तरी तिकडे जॉब चालूच असतो. आईला मात्र मी रिकामा बसलोय असंच वाटतं, आणि तिचं फारसं चुकतही नाही.

काम दिसतं ते आकड्यांच्या रांगांत. प्रत्येक फेरीला ऊर्जेचा नवा आकडा येतो, आधीच्यापेक्षा जरासा वेगळा. फरक नगण्य झाला की ‘कन्व्हर्ज झालं’. मग अणू किंचित हलवून पुन्हा तेच. रचना स्थिरावली असं वाटलं की कंपनांच्या फ्रीक्वेन्सी काढायच्या. यादीच्या डोक्यावर उणे चिन्हाचा आकडा दिसला, की लॅबमध्ये सुस्कारा ऐकू येतो: ‘इमॅजिनरी आली.’ म्हणजे रेणू दरीच्या तळाशी नाही, खिंडीत उभा आहे. त्याला त्या दिशेने थोडा ढकलून जॉब परत लावायचा.

एवढी चिकाटी का? पाण्याच्या एका रेणूची एकूण ऊर्जा (उणे चिन्ह सोडून) सुमारे 76.4 हार्ट्री, म्हणजे मोलमागे 48 हजार किलोकॅलरीच्या घरात. दोन रेणूंना जोडणारा हायड्रोजन बंध मात्र जेमतेम 5 किलोकॅलरीचा. मुंबई-नाशिक महामार्गावरचा वीस टनी ट्रक काट्यावर चढवून त्यातल्या एक किलो कांद्याचं वजन सांगायचं, असा हा प्रकार आहे.

रेणू मोठा झाला की हिशेबच कोसळतो. सर्वांत विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या सीसीएसडी-टी पद्धतीत आकार दुप्पट झाला की काम 128 पट होतं. इथेच पुण्याचं नाव येतं. श्रीधर गद्रे यांनी कानपूर आयआयटीत डॉक्टरेट केली, नॉर्थ कॅरोलायनात रॉबर्ट पार यांच्याकडे काम केलं आणि मग पुणे विद्यापीठात आपला गट उभारला. सी-डॅकने पुण्यात ‘परम 8000’ हा महासंगणक बांधला तो 1991मध्ये. त्या काळात या गटाने समांतर संगणकांसाठी ‘इंडमोल’ ही आज्ञावली लिहिली, आणि 1994मध्ये ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ची पद्धत मांडली. मोठा रेणू एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकडा वेगळा सोडवायचा, मग सगळ्यांची बेरीज करून सामाईक भाग दोनदा मोजला गेला असेल तेवढा वजा करायचा. ऐकायला सोपं. कात्री कुठे चालवायची, यात मात्र वर्षं जातात. बेंझीनचं कडं मधोमध कापलं तर उत्तराची वाट लागते. साध्या एकेरी बंधावर कापलं तर ते निभावतं. माझ्या मते या पद्धतीचं मोठेपण तिच्या काटकसरीत आहे. वाटेल तेवढी यंत्रं हाताशी असती, तर इतका बारीक विचार करायची गरज कुणाला पडली असती?

गद्रे यांना भटनागर पुरस्कार मिळाला, पुढे ते कानपूरला शिकवून पुन्हा पुण्यात आले. ही मोठी कारकीर्द झाली. बाकीच्यांची वाट नेट परीक्षा, मग पाच-सहा वर्षांची पीएचडी, मग परदेशात दोन-तीन वर्षं आणि मग प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात निघते का, याची वाट बघणं अशी असते. या शेवटच्या टप्प्याला कुठलंच कन्व्हर्जन्स नाही.

तरीही शहापूर-मुरबाडच्या बीएस्सीच्या मुलांना मी सांगतो, की रसायनशास्त्रासोबत गणित सोडू नका. लिनक्स आणि पायथन शिका. ‘साय-फोर’ आणि ‘पायएससीएफ’ या आज्ञावली फुकट मिळतात, आणि पाण्याच्या एका रेणूचं पहिलं गणित साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत सुटतं.