नागपूर जिल्हा : भूमी, पाणी व लोकवस्ती

प्राथमिक वर्गात जिल्ह्याचा भूगोल शिकविताना बहुधा क्षेत्रफळ, लोकसंख्या, तालुके आणि नद्या यांची यादी फळ्यावर लिहिली जाते व विद्यार्थी ती पाठ करतात. नागपूर जिल्ह्याच्या बाबतीत ही पद्धत विशेष अपुरी पडते. कारण येथील आकडे खरे असूनही खेड्यातील मुलाची त्याच्या स्वतःच्या गावाविषयी चुकीची समजूत करून देतात.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,८९२ चौरस किलोमीटर व लोकसंख्या ४६,५३,५७० होती. भागाकार केल्यास दर चौरस किलोमीटरला ४७० माणसे येतात. भिवापूर किंवा नरखेड तालुक्यातील विद्यार्थ्याने आपल्या शिवारात उभे राहून एवढी माणसे शोधू म्हटले, तर ती त्यास सापडावयाची नाहीत. ती नागपूर शहरात आहेत. त्या गणनेत महानगरपालिकेच्या हद्दीत २४ लाखांहून अधिक लोक होते आणि त्या हद्दीचे क्षेत्र सव्वादोनशे चौरस किलोमीटरही नव्हते. शहर बाजूस ठेवून हाच भागाकार पुन्हा केला, म्हणजे उत्तर सुमारे २३२ येते. हे गणित वरच्या वर्गातील मुलांकडून अवश्य करवून घ्यावे. सरासरी म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा त्यातून अधिक चांगले उमगते.

जिल्ह्याची भूमी एकजिनसी नाही. स्थूलमानाने पाहता पश्चिमेस काळ्या अग्निजन्य खडकाचे पठार आहे. पूर्वेस त्याहून फार प्राचीन खडक उघडे पडले आहेत. नागपुरातील सीताबर्डीची टेकडी या दोहोंच्या सीमेजवळ उभी आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर या बाजूस कपाशी व संत्र्याचे बगीचे दिसतात, तर रामटेक, मौदा, कुही या बाजूस पाऊस थोडा अधिक आणि जमीन निराळी असल्यामुळे धानाच्या बांध्या दिसतात. सावनेर, कामठी, उमरेड येथे दगडी कोळसा, तर मनसर व कांद्री येथे मँगनीज निघते. काळी, मोरंड, खरडी, बरडी ही जमिनीची नावे शेतकऱ्यांच्या मुलांस घरूनच ठाऊक असतात. पुस्तकातील नावे सांगण्यापूर्वी ती विचारून घ्यावीत. पूर्वेकडील धानाचा आधार म्हणजे मालगुजारी तलाव व बोड्या. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर त्यांची निगा कोणी राखावयाची हा प्रश्न उभा राहिला. आज अनेक तलाव गाळाने भरलेले दिसतात, याची मुळे तेथपर्यंत जातात.

नद्यांचा पाठ यादीने शिकविण्याऐवजी पाण्याचा प्रवास म्हणून शिकविणे सोयीचे. काटोलकडील जाम नदीचे पाणी वर्धेस मिळते. पेंच कन्हानेस मिळते आणि कन्हान कुही तालुक्यात आंभोऱ्याजवळ वैनगंगेस मिळते. पुढे गडचिरोली जिल्ह्यात वर्धा व वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते व ती गोदावरीस जाऊन मिळते. जिल्ह्याच्या दोन टोकांवर पडलेला पाऊस असा दूर जाऊन एकमेकांस भेटतो. मात्र वाटेत एक गोष्ट घडते, ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः पारशिवनी तालुक्यातील पेंचच्या जलाशयातून व कन्हान नदीतून येते. शहराचे सांडपाणी नाग नदीतून निघून पुन्हा कन्हानेत व तेथून वैनगंगेत उतरते. खेड्याचे स्वच्छ पाणी शहरास जाते आणि शहराचे मलिन पाणी दुसऱ्या खेड्यांच्या वाट्यास येते.

लोकसंख्येच्या वाढीसंबंधीही असाच भेद आहे. १९५६ पर्यंत नागपूर हे जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होते. राजधानी गेल्याने शहर ओसरेल असे कोणास वाटले असल्यास ते खरे ठरले नाही. १९६१ मध्ये सर्व जिल्ह्यात सुमारे १५ लाख लोक होते. पन्नास वर्षांत ते तिपटीहून अधिक झाले. ही वाढ मुख्यतः शहरांची. २००१ मध्ये जिल्ह्यातील सुमारे ६४ टक्के लोक नागरी होते, २०११ मध्ये ६८ टक्क्यांहून अधिक. एकूण लोकसंख्या त्या दशकात सुमारे १४ टक्क्यांनी वाढली, पण खेड्यांतील संख्या पावणेपंधरा लाखांच्या आसपासच राहिली. गावातील पट रोडावतो तेव्हा त्याचा दोष नेहमी शिक्षकाकडे जातोच असे नाही. तरुण कुटुंबे बुटीबोरी, हिंगणा, नागपूर या वाटेने कामास जातात, हेही कारण तपासून पाहावे.

२०२१ ची गणना लांबणीवर पडल्याने वरील आकडे बरेच जुने झाले आहेत. आपल्या गावापुरती घरांची व माणसांची मोजणी विद्यार्थ्यांकडून करविणे कठीण नाही. किती घरांस कुलूप आहे हेही त्यात लिहावे.

भिंतीवरचा नकाशाही एकदा तपासून घ्यावा. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात कुही व भिवापूर तालुक्यांतील कित्येक गावांची जमीन गेली आणि लोक नव्या गावठाणांत राहावयास गेले. जुन्या नकाशावर ती गावे अद्याप नदीकाठीच असतात. तेथे पेन्सिलीने जलाशयाची रेघ काढून नव्या गावठाणाची जागा दाखवावी, आणि ती जागा त्या गावच्या मुलासच दाखवू द्यावी.